भाजलेला जव, आंबवलेलं दूध: खाकास स्वयंपाकघरातले पदार्थ घरी करायचे तर

दक्षिण सायबेरियात येनिसेई नदीच्या काठी खाकासिया नावाचं प्रजासत्ताक आहे, राजधानी अबाकान. तिथले मूळ लोक खाकास. ते स्वतःला बोलताना ‘तादार’ म्हणतात. ‘खाकास’ हे नाव रशियन क्रांतीनंतर जुन्या चिनी बखरींतल्या उल्लेखावरून घेतलं गेलं. २०१०च्या जनगणनेत ते सारे मिळून ७३ हजारांच्या आसपास होते आणि स्वतःच्याच प्रजासत्ताकात दर आठ माणसांत जेमतेम एक. भाषा तुर्की कुळातली, व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या गुराढोरांचा. पण निव्वळ भटके पशुपालक म्हणून त्यांना बाजूला काढणं चूक ठरेल. सायान डोंगरांच्या आडोशाला असलेलं हे खोरं सायबेरियाच्या मानाने उबदार आहे आणि जुन्या काळापासून इथे पाट काढून शेती होत आली आहे. पीक मुख्यतः जव. आपल्याकडे त्यालाच सातू म्हणतात.

म्हणून त्यांच्या रोजच्या जेवणाचे दोन खांब आहेत: भाजलेला जव आणि आंबवलेलं दूध. मांस हिवाळ्याचं. थंडी पक्की झाली की जनावर कापायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलवायचं आणि आतड्यात रक्त, दूध, कांदा, चरबी भरून ‘खान’ करायचं. ते आपल्या स्वयंपाकघरात जमण्यासारखं नाही, त्याच्या वाटेला जाऊ नये. दुधाचे आणि जवाचे पदार्थ मात्र मराठी घरातल्या भांड्याकुंड्यांत अगदी मूळच्या जवळ जाणारे होतात, कारण लागणाऱ्या वस्तू म्हणजे लोखंडी कढई, सूप, जातं किंवा मिक्सर, विरजण आणि साय.

क्रम असा ठेवा. आठवडाभर साय साठवा. बेताच्या दोन दिवस आधी संध्याकाळी आयरान, म्हणजे आंबवलेलं दूध, लावा, त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो. आदल्या सकाळी तालगान, म्हणजे जवाचं पीठ, भाजून दळा आणि रात्री सायीला विरजण लावा. पोतखी (आंबट साय आणि पिठाचा पदार्थ) आणि उग्रे (जव-मटणाचा रस्सा) बेताच्या दिवशीच.

तालगान

तालगान म्हणजे भाजलेल्या जवाचं जाडसर पीठ. सातूच्या पिठाचा हा सख्खा भाऊ, पण फरक लक्षात घ्या. आपल्या सातूच्या पिठात गहू, डाळं, जिरं किंवा वेलची येते आणि गहू ओलवून आधी कांडतात, मग भाजतात. तालगानात एकच धान्य, मसाला शून्य, आणि आधी भाजणं, मग कांडणं. भाजल्याने तूस ठिसूळ होतं आणि मुसळाच्या हलक्या घावांनी सुटतं. हा क्रम उलटा केलात तर तूस दाण्याला चिकटून बसेल.

एक किलो जव घ्या, सालासकट असलेला. त्यातून पाऊण किलोच्या आत-बाहेर तालगान मिळतं. बाकीचं तूस, ओलावा आणि सांडलवंड. जव किराणा दुकानातूनच घ्या. बियाण्याच्या दुकानातला जव बुरशीनाशक लावलेला असू शकतो, तो धुऊनही खाण्यालायक होत नाही. सुपरमार्केटात ‘बार्ली’ म्हणून मिळणारे पांढरे, गुळगुळीत दाणे सडलेले असतात, म्हणजे त्यांचं साल आणि कोंडा आधीच काढलेला असतो. त्यांचं तालगान होतं, कांडण्यापाखडण्याचा त्रासही वाचतो, पण चव फिकी येते. जवाचा खरा खमंगपणा कोंड्याच्या थरात असतो. पहिल्यांदा करणाऱ्याने अर्धा किलो सडलेल्या बार्लीवर हात बसवावा, दुसऱ्या खेपेला अख्ख्या जवाकडे जावं.

खडे निवडा, दाणे दोन पाण्यांनी धुवा, चाळणीत निथळा आणि कापडावर सावलीत पसरा. वरून कोरडे वाटले पाहिजेत पण आत किंचित ओल राहिली पाहिजे. दोन ते तीन तास पुरतात. ही आतली ओल महत्त्वाची आहे. भाजताना तिची वाफ होते आणि ती दाणा आतून शिजवते. कडकडीत कोरडा दाणा बाहेरून तपकिरी होतो आणि आत पांढरा, कच्चा राहतो.

आता भाजणं. जाड लोखंडी कढई मध्यम आचेवर पाच मिनिटं तापू द्या. एका वेळी फक्त २०० ग्रॅम दाणे टाका, थर बोटाच्या एका पेरापेक्षा उंच नको. एकदम किलोभर ओतण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि तिथेच तालगान बिघडतं: तळाचे करपतात, वरचे नुसते कोमट होतात. लाकडी उलथन्याने सतत हलवत राहा. पहिली तीन-चार मिनिटं नुसती वाफ आणि ओल्या गवताचा वास येईल. सहाव्या-सातव्या मिनिटाला तडतड सुरू होईल, काही दाण्यांच्या पोटाला चीर जाईल. इथे आच एक पायरी कमी करा. दहा ते बारा मिनिटांत दाणे भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीच्या रंगावर येतात आणि वास गवताचा न राहता भाकरीच्या पापुद्र्याचा होतो. रंगावर विसंबू नका, एक दाणा चावून बघा. कट्‌कन तुटून जिभेवर भुगा झाला आणि आतला भाग फिकट बदामी दिसला तर झालं. दाताला चिवट लागला तर आणखी दोन मिनिटं. मध्ये काळा ठिपका दिसला तर तो घाणा वेगळा काढा. करपलेले मूठभर दाणे अख्ख्या किलोला कडू करतात.

झालं की लगेच कापडावर ओता. लोखंड गॅस बंद केल्यावरही भाजत राहतं.

हे काम भडभुंज्याकडून करून घ्यावंसं वाटेल. नको. तापलेल्या वाळूत जव फुलतो, त्याच्या लाह्या होतात आणि त्यांचं पीठ हलकं, कापसासारखं, बिनचवीचं निघतं. तालगानला दाणा भाजलेला लागतो, फुललेला नव्हे.

पूर्ण गार झालेले दाणे उखळात घ्या. खाकास घरांत लाकडी उखळ असे आणि कांडणं बायकांच्या हाताचं काम. मुसळ वरून आपटायचं नाही, आपल्या वजनाने पडू द्यायचं. दाणा फुटायला नको, नुसतं तूस सुटायला हवं. पाच-सहा मिनिटं कांडा, सुपात पाखडा, परत कांडा, परत पाखडा. उखळ नसेल तर मिक्सरच्या भांड्यात अर्ध्यापर्यंत दाणे भरून दोन-दोन सेकंदांचे चार-पाच झटके द्या आणि पाखडा. इथे आळस केला तर तो घशात कळतो. राहिलेली कुसळं पिठात दिसत नाहीत, गिळताना टोचतात.

दळायला खाकासांकडेही दोन गोल दगडांचं हाताचं जातंच होतं. जात्यावर दळणार असाल तर वैरण थोडी-थोडी घाला, भाजलेला दाणा ठिसूळ असल्याने भराभर सरकतो आणि भरड पडतो. मिक्सरवर २० सेकंद फिरवा, थांबा, भांडं गरम झालं असेल तर निवू द्या, मग परत. गिरणीत न्यायचं असेल तर गव्हाच्या दळणानंतरची पाळी मागा. ज्वारी-बाजरी चालेल, पण मिरची-हळदीच्या चक्कीवर अजिबात नको. एक किलोसाठी गिरणीवाला नाक मुरडेल हेही धरून चाला. चिमटीत घेतल्यावर बारीक रवा आणि कणीक एकत्र केल्यासारखं लागलं की पोत बरोबर. मैद्यासारखं वस्त्रगाळ केलंत तर चहात त्याची खळ होते. चाळणीत उरलेली भरड टाकू नका, उग्रेच्या रश्शात ती कामी येते.

पीठ कोमट असताना डबा लावला तर झाकणाला पाणी सुटतं आणि आठवड्यात खवट वास येतो. ताटात पसरून तासभर ठेवा, मग घट्ट डब्यात भरा. कोरड्या हवेत दोन महिने टिकतं. कोकणात पावसाळ्यात तीन आठवड्यांच्या पुढे बाहेर ठेवू नये, फ्रीजमध्ये ठेवा.

खायचं कसं? परत शिजवायची गरज नाही, दाणा भाजतानाच शिजला आहे. गुरामागे किंवा शिकारीला जाणारा माणूस पिशवीत तालगान घेऊन निघे तो याचसाठी. चहाबरोबर घ्यायचं तर वाडग्यात आधी दोन मोठे चमचे तालगान आणि एक चमचा लोणी घालून चोळा, मग दोन घोट दूधवाला गरम चहा ओतून गुठळ्या मोडा आणि मग उरलेला कपभर चहा. उलट केलं, म्हणजे भरल्या कपात पीठ टाकलं, तर वर कोरडे गोळे तरंगतात आणि चमच्याने दाबले की धुरळा उडतो. दुसरी पद्धत आंबट सायीबरोबर: १०० ग्रॅम सायीत ५० ग्रॅम तालगान आणि चवीला मध किंवा साखर. कालवून दहा मिनिटं झाकून ठेवा, पीठ फुगतं आणि श्रीखंडासारखं घट्ट होतं. लगेच खाल्लं तर दातांखाली वाळू लागल्यासारखं वाटेल. कोरडं तालगान तोंडात टाकून बोलू नये, ठसका लागतो. लहान मुलांना तर कोरडं देऊच नये.

तिकडे तालगानात ‘निमिर्त’ही मिसळतात. ते म्हणजे बर्ड चेरी या झाडाची काळी, तुरट फळं बियांसकट वाळवून दळलेलं पीठ. त्याला कडू बदामासारखा वास असतो. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, आणि त्याच्याऐवजी जर्दाळू किंवा पीचच्या बिया दळण्याचा प्रयोग करू नका, कडू बियांत सायनाइड तयार करणारं द्रव्य बरंच असतं. निमिर्त नसेल तर नसू द्या. शेजारच्या अल्ताई लोकांत भाजलेला जव, सायबेरियन पाइनचे दाणे आणि मध एकत्र कुटून ‘तोक-चोक’ करतात. चिलगोजे परवडत असतील तर ते त्याच कुळातले: १०० ग्रॅम तालगान, ६० ग्रॅम कुटलेले चिलगोजे, दोन मोठे चमचे मध, आणि लाडू वळायला चमचाभर लोणी.

आयरान

नाव ऐकून तुर्कस्तानातलं खारं ताक डोळ्यांसमोर आणू नका. खाकास आयरान गाईच्या दुधाचं, आणि त्यात दह्याच्या जिवाणूंबरोबर यीस्टही असतं. म्हणून ते जिभेला किंचित चरचरतं आणि त्यात थोडंसं मद्यार्कही येतं. लहान मुलांना आणि मद्य वर्ज्य असणाऱ्यांना देताना हे सांगायला हवं. पूर्वी लाकडी पिंपात जुन्या आयरानवर रोजचं नवं दूध ओतत आणि दांड्याने घुसळत राहत. उन्हाळ्याच्या सुरुवातीला गुरं कुरणावर गेल्यावर पहिलं आयरान तयार होतं त्याचाच सण म्हणजे तुन पायराम; घोड्यांच्या शर्यती, कुस्त्या, गाणी आणि सगळ्यांच्या आधी अग्नीला नवं दूध.

नुसत्या विरजणाने आयरान होत नाही, ताक होतं. सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे केफिर या आंबवलेल्या दुधाच्या विरजणाचे दाणे, कारण त्यांत जिवाणू आणि यीस्ट दोन्ही एकत्र नांदतात. एक लिटर गाईचं दूध उकळा, वरची साय काढून घ्या (ती पोतखीच्या डब्यात टाका), दूध कोमटाच्याही खाली येऊ द्या. बोट बुडवल्यावर गरम नाही, गार नाही असं लागलं पाहिजे. जास्त गरम दुधात यीस्ट मरतं आणि उरतं ते दहीच. मोठा चमचाभर केफिरचे दाणे टाका आणि बरणी कापडाने झाका. पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात १२ ते १६ तास, हिवाळ्यात २४ तास. मग दाणे गाळून काढा आणि ते पातळ दही आणखी अर्धा ते एक दिवस झाकून ठेवा. या दुसऱ्या टप्प्यात दिवसातून तीन-चार वेळा रवीने घुसळा. घुसळल्याने दह्याची कवडी मोडते, पाणी वेगळं पडत नाही आणि हाताखाली बुडबुडे वाढलेले दिसतात.

दोन चुका नेहमी होतात. झाकण घट्ट लावलेली काचेची बाटली वायूने फुटू शकते. झाकण सैल ठेवा. आणि गाळायला विसरून दाणे दोन दिवस तसेच राहिले तर खाली हिरवट पाणी आणि वर रबरी गोळा होतो. ते वाया गेलं नाही, पुढच्या पदार्थात घाला, फक्त प्यायला देऊ नका. गुलाबी किंवा काळी छटा दिसली तर मात्र सगळं ओता, दाण्यांसकट.

आयरान आंबट झाल्यावर त्यावरून खाकास लोक ‘अराका’ गाळत: मोठ्या कढईवर लाकडी झाकण, सांधे लिंपलेले, वाकडी लाकडी नळी आणि ती थंड पाण्यातून नेलेली. घरी दारू गाळणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, तेव्हा तो भाग माहितीपुरता. पण गाळून उरलेल्या चोथ्याचं तिथे काय करतात ते मात्र उचलण्यासारखं आहे. तो पिशवीत टांगून निथळला की ‘आरची’ होते, आंबट छाना म्हणा. घरी लिटरभर जास्त आंबलेलं आयरान मंद आचेवर, न हलवता, कडेला उकळी फुटेपर्यंत तापवा. गठ्ठे वर येतील, खाली पिवळसर पाणी दिसेल. कापडात बांधून रात्रभर टांगा, दीडशे ग्रॅमच्या आसपास आरची मिळते. हलवत राहिलात तर गठ्ठे चुरतात आणि अर्धी आरची कापडातून निसटते. सायीत कालवून, वरून तालगान भुरभुरून खातात. मुठीने दाबून वड्या केल्या आणि चुलीवरच्या धुरात वाळवल्या की हिवाळ्याची बेगमी. मुंबईच्या हवेत त्या उघड्यावर वाळवायच्या फंदात पडू नका, बुरशी धरते. ओव्हनमध्ये दार किलकिलं ठेवून ६० अंशांवर सहा-सात तास.

‘पिझलाख’ हे त्यांचं ताजं चीज. दोन लिटर दूध उकळत असताना लिटरभर आंबट आयरान हळूहळू ओतायचं, फाटलं की कापडात बांधून पाट्याखाली दोन तास. पनीर येणाऱ्याला यात काही शिकायचं नाही.

पोतखी

पाहुण्याला पोतखी मिळाली म्हणजे त्याचा मान राखला गेला. पदार्थ दिसायला साधा: आंबट साय, थोडं पीठ, मीठ. पण खाकास स्वयंपाकातली हाताची परीक्षा इथेच होते, कारण साय, पीठ आणि सुटणारं तूप यांची वेळ जुळावी लागते.

सगळं सायीवर आहे. बाजारातलं खोक्यातलं फ्रेश क्रीम वापरू नका. त्यात स्निग्धांश साधारण २५ टक्के, आणि ते फुटू नये म्हणून स्थिर करणारे पदार्थ घातलेले असतात. तुम्हाला तर ते फुटायलाच हवं आहे. घरची साय उत्तम. आठवडाभराची अर्धा किलो साय फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला आणा, दोन मोठे चमचे ताजं दही मिसळा, रात्रभर ठेवा. सकाळी ती एकसंध, चकचकीत आणि वासाला आंबूस पण स्वच्छ असली पाहिजे. कडवट वास आला तर ती तूप करायलाही फारशी बरी नाही. म्हशीच्या दुधाची जाड साय असेल तर १०० मिलिलिटर दूध घालून सैल करा, नाहीतर पिठाला फुगायला पाणी मिळत नाही.

अर्धा किलो आंबट सायीला ६० ग्रॅम कणीक किंवा मैदा (तीन रास चमचे) आणि अर्धा लहान चमचा मीठ. निम्मी कणीक काढून तिच्या जागी तालगान घातलं तर रंग आणि वास दोन्ही चढतात. एवढ्यात चार माणसांचं भागतं. पोतखी जड असते, वाटीभराच्या पुढे कोणी जात नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात साय घ्या, मंद-मध्यम आच, लाकडी चमचा. आधी ती पातळ होईल, जवळजवळ दुधासारखी. घाबरून पीठ टाकू नका. सहा-आठ मिनिटांत उकळी येईल, मग आच मंद करून पाच-सात मिनिटं ढवळत आटू द्या. चमच्याच्या पाठीवर थर धरला आणि बोटाने ओढलेली रेघ मिटली नाही की पिठाची वेळ. बारीक चाळणीतून तीन हप्त्यांत भुरभुरवा आणि प्रत्येक हप्ता पूर्ण जिरेपर्यंत एकाच दिशेने ढवळा. आता मिश्रण पिठल्यासारखं होऊन फद्‌फद् करायला लागेल.

पुढची दहा मिनिटं नजर हलवू नका. आधी पातेल्याच्या कडेला बारीक पिवळे मणी दिसतात, जणू घाम फुटला आहे. चमचा फिरवला की ते आत जातात, थांबला की परत बाहेर येतात. हळूहळू मण्यांची कड होते, मग चमचा ज्या वाटेने गेला त्या वाटेत तूप साचून राहतं आणि मधला गोळा शिऱ्यासारखा पातेलं सोडतो. रंग पांढऱ्यावरून हस्तिदंती होतो. तूप गोळ्याभोवती मोकळं दिसायला लागल्यावर आणखी तीन मिनिटं, मग खाली उतरवा. मीठ या वेळी.

बिघडतं ते असं. तूप सुटतच नाही: साय पातळ होती, किंवा पीठ जास्त पडलं आणि सगळं तूप त्याने पिऊन टाकलं. आणखी पीठ किंवा आणखी आच हा उपाय नाही. दोन चमचे लोणी घालून ढवळा आणि वाढा. लबाडी आहे, पण चवीला खोट नाही. दुसरं टोक म्हणजे पीठ टाकायला उशीर झाला आणि साय आधीच फुटली. मग तुमच्या हाती तूप आणि बेरी राहते, पोतखी नाही. तूप कढवणाऱ्या हातांना हा क्षण ओळखीचा आहे, फक्त इथे त्याच्या आधी थांबायचं आहे. कणीदार झाली तर आच मोठी होती किंवा साय फार आंबट. थोडी कणी चालते, रवाळ दही झालं तर नाही. तळ लागल्याचा वास आला तर तळ खरवडू नका, वरचं दुसऱ्या भांड्यात ओता.

पोतखी गरमच खायची, ब्रेडचा किंवा भाकरीचा तुकडा मोडून त्या तुपात बुडवून. गार झाली की थिजते आणि घशाला चिकटते. परत गरम करताना दोन चमचे दूध घाला.

उग्रे

जवाचा आणि मांसाचा रस्सा. हाडासकट मटण अर्धा किलो, पाणी अडीच लिटर, सडलेली बार्ली १०० ग्रॅम (चार तास भिजवलेली), एक कांदा, मीठ. मटण थंड पाण्यात चढवा, फेस काढून टाका, तास-सव्वा तास मंद शिजल्यावर बार्ली घाला आणि ती फुटेपर्यंत आणखी पाऊण तास. वर सांगितलेली तालगानची भरड शेवटच्या दहा मिनिटांत चमचाभर. तिकडे वसंतात ‘खालबा’ नावाची रानलसूण चिरून टाकतात. पातीचा लसूण चालतो. हळद, गरम मसाला, फोडणी काही नको. हात शिवशिवतील, आवरा. कुकर वापरला तर बार्ली बुडाला बसून लागते, म्हणून मटण कुकरमध्ये आणि बार्ली नंतर उघड्या पातेल्यात. वाढताना वाडग्यात चमचाभर आंबट साय. सायीला उकळी आली तर ती फुटते, म्हणून ती रश्शात नाही, वाडग्यातच.

वाढण्याची रीत

जुनं खाकास घर ‘इब’. आधी नमद्याचं (दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचं) किंवा भूर्जाच्या सालीने शाकारलेलं, पुढे ओंडक्यांचं सहा-आठ भिंतींचं. दार पूर्वेला, मधोमध चूल, आत शिरताना डावीकडची बाजू पुरुषांची आणि उजवीकडची बायकांची. भांडीकुंडी, दुधाची पिंपं त्याच उजव्या बाजूला. दारासमोर, चुलीच्या पलीकडे मानाची जागा. पाहुण्याला तिथे बसवतात आणि चूल ओलांडून कोणी जात नाही.

खाण्याआधी अग्नीचा वाटा निघतो. अग्नी म्हणजे ‘ओत इने’, माय. तिला तालगान, लोणी, चरबी, अराका यांतला पहिला घास देतात. तिच्यात थुंकत नाहीत, केर टाकत नाहीत, टोकदार वस्तूने तिला डिवचत नाहीत. चूल किंवा शेगडी असेल तर चिमूटभर तालगान लोण्यात मळून निखाऱ्यावर ठेवा. गॅसच्या बर्नरवर कोरडं पीठ मुळीच टाकू नका, ते भपकन पेटतं आणि छिद्रं बुजतात. छोटी मातीची पणती किंवा धुपाटणं पुरतं. त्याच निखाऱ्यावर ‘इरबेन’ टाकतात, म्हणजे रानटी थाइम. त्याच्या धुराने घर शुद्ध होतं अशी समजूत. वाळलेलं थाइम हल्ली मोठ्या किराणा दुकानांत मिळतं, वास ओव्याच्या जवळचा. त्याचाच चहाही होतो: अर्धा लिटर उकळत्या पाण्यात एक लहान चमचा, झाकून पाच मिनिटं. जास्त वेळ ठेवला तर कडू आणि औषधी लागतो.

मार्चच्या विषुवदिनाला ‘चिल पाझी’, वर्षाचं डोकं, म्हणजे नवं वर्ष साजरं करतात. त्या दिवशी काळ्या फितीला गाठी मारत जुन्या वर्षाची दुखणी-भांडणं मनातल्या मनात त्यात बांधायची आणि फीत आगीत टाकायची, मग रंगीत ‘चालामा’ फिती भूर्जाच्या झाडाला बांधायच्या. या दिवसासाठी बेत करणार असाल तर फीत सुती घ्या. नायलॉनची वितळते आणि त्याच निखाऱ्यावर ठेवलेल्या इरबेनचा सगळा वास घालवते.

पोतखीचं पातेलं लगेच पाण्यात भिजवू नका. कडेला राहिलेल्या तुपात मूठभर तालगान टाका, मंद आचेवर दोन मिनिटं पुसून घ्या, वर चिमूटभर साखर. पातेलं स्वच्छ होतं आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या वाट्याला वाटीभर खाऊ येतो.